रॉ फाइलचं ऑनलाइन जेपीजी करताना आत नेमकं काय घडतं

पाडव्याच्या स्वागतयात्रेनंतर ठाण्यात एक संवाद हमखास ऐकू येतो. ढोल-ताशा पथकातल्या एखाद्या मुलाने तलावपाळीवर चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढलेले असतात. तो ड्राइव्हची लिंक ग्रुपवर टाकतो आणि थोड्या वेळाने पथकातल्या ताई विचारतात, "अरे, एकही फोटो उघडेना. नुसते पांढरे चौकोन दिसतायत." मुलगा म्हणतो, "रॉ आहेत ताई. ऑनलाइन कन्व्हर्टर असतात, त्यात टाका, जेपीजी होतील." ताई टाकतात. जेपीजी होतातही. पण भगवा फेटा चुण्या नसलेल्या ठिगळासारखा सपाट दिसतो, सावलीतले चेहरे निळसर येतात, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर जे दिसलं होतं त्याच्याशी कशाचाच मेळ लागत नाही.

यात चूक ताईंची नाही. फाइल कन्व्हर्ट करायची म्हटलं की वर्डची पीडीएफ करण्यासारखं काहीतरी डोळ्यासमोर येतं. मजकूर तोच, वेष्टन दुसरं. रॉ फाइलमध्ये मात्र कॅमेऱ्याच्या सेन्सरने, म्हणजे उजेड टिपणाऱ्या पट्टीने, नोंदवलेले कच्चे आकडे असतात, फोटो अजून तयारच झालेला नसतो. तो घडवायचा असतो आणि घडवताना बरेच निर्णय घ्यावे लागतात. ऑनलाइन कन्व्हर्टर ते निर्णय तुम्हाला न विचारता उरकून टाकतो. म्हणून प्रश्न "कोणता कन्व्हर्टर चांगला" एवढाच नसतो. आपल्या वतीने काय काय ठरवलं जातंय, हे आधी पाहायला हवं.

सेन्सर काय लिहून ठेवतो

सेन्सरला रंग कळत नाही. त्याच्यावरचा प्रत्येक बारीक ठिपका आपल्यावर किती उजेड पडला एवढंच मोजतो. रंग मिळावा म्हणून प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर बसवलेला असतो. ही मांडणी कोडॅकमधले शास्त्रज्ञ ब्राइस बायर यांची. १९७६ साली तिला पेटंट मिळालं आणि आजचे बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट, कारण उजेडातले बारीक फरक आपल्या डोळ्याला हिरव्या पट्ट्यात सगळ्यात चांगले कळतात. फुजीफिल्मच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एक्स-ट्रान्स नावाची ६ बाय ६ ठिपक्यांची वेगळी मांडणी असते. त्यांच्या रॉ फाइल (आरएएफ) काही साधनांना जड जातात त्या त्यामुळेच.

आता हिशेब बघा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात साधारण १ कोटी २० लाख ठिपके हिरवं मोजतात, ६० लाख लाल आणि ६० लाख निळं. तयार फोटोत मात्र प्रत्येक ठिपक्याला तिन्ही रंगांचे आकडे लागतात. मग उरलेले कुठून येतात? शेजारच्या ठिपक्यांवरून गणिताने काढतात. म्हणजे फोटोतल्या रंगांच्या दर तीन आकड्यांपैकी दोन कॅमेऱ्याने मोजलेलेच नसतात. या गणिताला डिमोझेकिंग म्हणतात. त्याच्या अनेक पद्धती आहेत, काही झटपट आणि ओबडधोबड, काही सावकाश आणि नेटक्या. इरकली साडीच्या बारीक चौकड्यांवर जांभळ्या-हिरव्या लाटा उमटलेल्या दिसल्या, तर बिघाड साडीत नसतो. सेन्सर आणि हे गणित, दोघांनाही तेवढी बारीक नक्षी झेपलेली नसते.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. जेपीजीत प्रत्येक रंगाला काळ्यापासून पूर्ण उजळापर्यंत २५६ पायऱ्या मिळतात. रॉ फाइल १२ बिटची असेल तर ४,०९६ आणि १४ बिटची असेल तर १६,३८४. या पायऱ्या सारख्या वाटलेल्या नसतात. सेन्सर सरळ हिशेबाने मोजतो, उजेड दुप्पट तर आकडा दुप्पट. त्यामुळे १६,३८४ पैकी निम्म्या पायऱ्या एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट होण्याचा एक टप्पा) जातात, उरलेल्यातल्या निम्म्या त्याखालच्या स्टॉपला, असं करत करत गडद भागाच्या वाट्याला थोड्याशाच उरतात. म्हणून रॉमधले आकडे जसेच्या तसे पडद्यावर दाखवले तर फोटो काळपट आणि हिरवट दिसतो. त्यावर वक्ररेषा लावून मधला भाग उचलावा लागतो. ती रेषा कशी काढायची यालाही एकच एक बरोबर उत्तर नाही.

ऐरोलीच्या खाडीवर

आता हे निर्णय चुकतात कसे, ते पाहू. यासाठी ठाण्याच्या खाडीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सुचत नाही. २०१५ साली या खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली तो पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. थंडीत ऐरोलीच्या बाजूने बोटीतून जाणाऱ्यांच्या गळ्यात लांब लेन्स लटकलेल्या दिसतात आणि त्यातले बहुतेक जण रॉमध्येच काढतात. परत आल्यावर घाईत कुठल्यातरी साइटवर फाइल टाकली की गुलाबी पक्षी पांढरे होऊन बाहेर पडतात.

का? बऱ्याच मोफत साधनांच्या पोटात एकाच घराण्यातला कोड चालतो. डेव्ह कॉफिन नावाच्या प्रोग्रॅमरने १९९७ साली डीसीरॉ नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. शेकडो कॅमेऱ्यांच्या फाइल त्याने एकट्याने उलगडल्या आणि सगळं मोफत वाटलं. पुढे त्याच पायावर लिबरॉ ही इतर प्रोग्रॅमना वापरता येणारी कोड-लायब्ररी उभी राहिली. फोटोच्या जगात या माणसाचं ऋण फार मोठं आहे आणि त्याचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे. पण कुठलीही सेटिंग न देता हा प्रोग्रॅम चालवला, तर तो फोटो आपोआप उजळतो आणि इतका उजळतो की सर्वांत उजळ १ टक्का ठिपके पूर्ण पांढरे होतात. घरातल्या वाढदिवसाच्या फोटोला याने काही बिघडत नाही. खाडीवर मात्र फ्रेमचा बहुतेक भाग करडा चिखल आणि मळकट पाणी, आणि दूरवर उन्हात चमकणारे पक्षी. तो सर्वांत उजळ १ टक्का म्हणजे नेमक्या फ्लेमिंगोंच्या पाठी. ज्यासाठी पहाटे उठलात तेवढंच पुसलं गेलं. रॉमध्ये पिसांचा तपशील शाबूत असतो, जेपीजीत तो उरत नाही आणि तिथून परत काढताही येत नाही.

दुसरा घोळ व्हाइट बॅलन्सचा. सकाळचं कोवळं ऊन पिवळसर, उघड्या आकाशाखालची सावली निळसर, लग्नाच्या हॉलमधला जुन्या धाटणीचा बल्ब नारिंगी. आपला मेंदू हे फरक आपोआप वजा करतो, कॅमेऱ्याला आकडे द्यावे लागतात. साध्या बल्बचा प्रकाश साधारण ३,००० केल्विन, दुपारचं ऊन ५,५०० च्या आसपास, सावली ७,००० किंवा वर. रॉ फाइलमध्ये कॅमेरा हा आकडा फक्त टीप म्हणून लिहून ठेवतो, चित्राला लावत नाही. कन्व्हर्टरने ती टीप वाचली तर ठीक. काही वाचत नाहीत आणि सगळ्याच फोटोंना दुपारच्या उन्हाचा हिशेब लावून मोकळे होतात. ताईंच्या फोटोतले सावलीतले चेहरे निळे झाले ते असे. काही साधनं टीप सोडून स्वतःच अंदाज बांधतात, की फ्रेममधल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी असणार. फ्रेमभर गुलाबी पक्षी असले तर हा अंदाज गुलाबीलाच दोष समजून धुऊन काढतो.

भगव्याची गोष्ट वेगळी. जेपीजी सहसा एसआरजीबी नावाच्या रंगमर्यादेत बनतात, जी १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी तेव्हाच्या संगणकांच्या पडद्यांना धरून मांडली. कडक उन्हातला झगझगीत भगवा तिच्या कडेला जाऊन टेकतो. लाल रंगाचा आकडा २५५ ला, म्हणजे शेवटच्या पायरीला, पोचला की पुढे जागाच नाही. फेट्याची वरची चुणी आणि खालची चुणी, दोन्ही २५५. मग चुण्या दिसणार कशा? उपाय अगदी साधा आहे. रॉ उघडून उजेड थोडा कमी करायचा, लालची तीव्रता जराशी उतरवायची, कापड पुन्हा कापड दिसू लागतं. पण ती पट्टी सरकवायची सोयच नसेल तर काय करणार. गडकरी रंगायतनमध्ये निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांखाली काढलेल्या नाटकाच्या फोटोंचंही हेच होतं, फक्त तिथे निळा आकडा छताला टेकतो आणि नटाच्या चेहऱ्याचा जांभळा गोळा होतो.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या कित्येक लेन्स सरळ रेष वाकडी काढतात आणि ती सरळ करायचं काम सॉफ्टवेअरवर सोडलेलं असतं. लेन्स हलकी आणि स्वस्त व्हावी म्हणून कंपन्यांनी मुद्दाम केलेली ही तडजोड आहे. कॅमेऱ्यात बनलेल्या जेपीजीत ती दुरुस्ती झालेली असते. साध्या कन्व्हर्टरने केली नाही तर पाम बीच रोडवरचे टॉवर पोट सुटल्यासारखे बाहेर आलेले दिसतात आणि फोटोचे कोपरे काळवंडतात.

झटपट काम आणि त्यामागची युक्ती

काही साइट दोन सेकंदांत निकाल देतात आणि तो चक्क छान असतो. रंग बरोबर, रेषा सरळ, अगदी कॅमेऱ्यात दिसला तसा फोटो. हे कसं जमतं? जवळपास प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेलं एक जेपीजी दडलेलं असतं. कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर आपण पाहतो ते तेच. काही साधनं रॉला हातच लावत नाहीत, हे आतलं जेपीजी तेवढं उपसून काढतात आणि कन्व्हर्ट झालं म्हणून हाती देतात.

मला यात गैर काही वाटत नाही, उलट ग्रुपवर टाकायला हाच मार्ग उत्तम. फक्त त्या चित्राचा आकार बघा. कॅननच्या सीआर२ आणि निकॉनच्या एनईएफ या रॉ प्रकारांत ते बहुधा पूर्ण आकाराचं असतं. सोनीच्या अनेक जुन्या कॅमेऱ्यांच्या एआरडब्ल्यूमध्ये मात्र ते १,६१६ बाय १,०८० एवढंच असतं. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि हातात जेमतेम पावणेदोन मेगापिक्सेल. मोबाइलवर कळणारही नाही. फ्रेम करायला दिलं की कळेल, कारण ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ते साडेपाच इंचांच्या आत संपतं. कन्व्हर्ट झालेल्या फाइलचे पिक्सेल मोजा. ६,००० बाय ४,००० च्या जागी भलताच छोटा आकडा दिसला तर काय झालंय ते ओळखा.

फाइल उघडतच नसेल तर कारण बहुतेक वेळा वयाचं असतं. कॅननने २०१८ साली ईओएस एम५० कॅमेऱ्यापासून सीआर३ हा नवा रॉ प्रकार आणला, ज्याची आतली बांधणी एमपी४ व्हिडिओच्या घराण्यातली आहे. डीसीरॉची शेवटची आवृत्तीही त्याच वर्षीची, तिला सीआर३ कळत नाही. जुन्या कोडवर चालणारी साइट सीआर२ घेते आणि सीआर३ वर तोंड फिरवते ते यामुळे. निकॉनच्या झेड ९ आणि झेड ८ मधल्या हाय एफिशिएन्सी प्रकारच्या एनईएफबाबतही असाच अनुभव येतो. अशा वेळी फाइल खराब झाली असं समजून कार्ड पुसू नका.

फाइल जाते कुठे

याकडे लोक फारच कमी लक्ष देतात. ऑनलाइन साधनं दोन जातींची असतात. एक जात तुमची फाइल तिच्या सर्व्हरवर चढवून घेते, तिथे काम करते आणि निकाल परत देते. दुसरी जात सगळं काम तुमच्याच ब्राउझरमध्ये, वेबअसेम्ब्लीच्या (ब्राउझरमध्येच प्रोग्रॅम वेगाने चालवणाऱ्या तंत्राच्या) मदतीने करते. फाइल घराबाहेर जातच नाही. जाहिरातीत दोघीही सुरक्षित म्हणवतात. खरं काय ते तपासायचं असेल तर पान पूर्ण उघडू द्या, मग वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करा आणि एक फाइल टाकून बघा. काम झालं तर फाइल तुमच्याच मशिनवर राहतेय. अडलं तर बहुधा ती बाहेर जात होती.

बाहेर गेली म्हणजे लगेच काही अनर्थ होतो असं नाही. पण रॉ फाइलमध्ये चित्राबरोबर बराच इतर मजकूर जातो: तारीख आणि वेळ, लेन्स, बहुतेकदा कॅमेऱ्याचा सीरियल नंबर, आणि मोबाइलने काढलेली किंवा जीपीएस जोडलेली असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही. येऊरच्या जंगलात घुबडाच्या ढोलीचा फोटो काढणारे जाणते लोक जागा सांगत नाहीत आणि मग तीच जागा फाइलमधून अनोळखी सर्व्हरला देऊन मोकळे होतात. दुसऱ्याच्या लग्नाचे, मुंजीचे, लहान मुलांचे फोटो असतील तर ते चढवण्याचा हक्क आपल्याला आहे का, हेही विचारायला हवं. व्यावसायिक फोटोग्राफरने गिऱ्हाइकाच्या रॉ फाइल अशा साइटवर टाकू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलट बाजूही आहे. काही कन्व्हर्टर हा सगळा मजकूर पुसून टाकतात. मग तारखेप्रमाणे लावलेला अल्बम विस्कटतो आणि तुमचं नाव घातलेली कॉपीराइटची नोंदही जाते.

शिवाय वेळ. २०० फाइल, प्रत्येकी २५ एमबी, म्हणजे ५ जीबी. अपलोडचा वेग सलग २० एमबीपीएस मिळाला तरी नुसतं चढवायलाच अर्ध्या तासाहून जास्त लागतो. मोबाइल डेटावर तर विचारूच नका. मोफत साइट एका दमात इतक्या फाइल घेत नाहीत ते वेगळंच.

मग करायचं काय

एक-दोन फाइल आहेत, आत खासगी काही नाही, आणि कुणाला दाखवण्यापुरतं चित्र हवंय? ऑनलाइन करा, खुशाल करा. त्यापुढचं काम घरच्या घरी जास्त सोपं आहे आणि बहुतेक साधनं मोफत आहेत. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप, ही त्या त्या कंपनीच्या साइटवर पैसे न देता मिळतात. यांचा मोठा फायदा म्हणजे कॅमेऱ्यात निवडलेली रंगछटा त्यांना नेमकी कळते, त्यामुळे मागच्या स्क्रीनवर दिसलं तसंच चित्र निघतं. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही मुक्त सॉफ्टवेअर त्यांच्याहून खूप जास्त करू देतात, पण शिकायला वेळ मागतात. मॅकवर तर नेहमीचं प्रिव्ह्यू ॲपच बहुतेक रॉ उघडून जेपीजी करून देतं. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं रॉ इमेज एक्स्टेन्शन आहे, ते टाकलं की पांढरे चौकोन जाऊन चित्रं दिसू लागतात. संगणकच नसेल तर कॅमेऱ्याचा मेनू उघडा. अनेक कॅनन, निकॉन आणि फुजीफिल्म कॅमेऱ्यांत रॉ प्रोसेसिंगचा पर्याय असतो. हव्या त्या फोटोचं तिथल्या तिथे जेपीजी करा, व्हाइट बॅलन्स बदलून करा, आणि वायफायने मोबाइलवर घ्या. हा पर्याय वर्षानुवर्षं कॅमेऱ्यात पडून असतो आणि कुणी उघडत नाही.

जुन्या सॉफ्टवेअरला नव्या कॅमेऱ्याची फाइल कळत नसेल, तर ॲडोबीचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर कामाला येतो. डीएनजी हा ॲडोबीने २००४ साली आणलेला, सर्वांसाठी खुला रॉ प्रकार. साध्या सेटिंगवर सीआर३ चं डीएनजी केलं तर ते रॉच राहतं, वर सांगितलेले निर्णय अजून घेतले गेलेले नसतात.

प्रकार कोणता निवडावा यावर फार घोळ घालायची गरज नाही. छापायला, पाठवायला जेपीजी. दर्जाची पट्टी ९० च्या आसपास ठेवा, १०० वर नेल्याने फाइल फुगते, डोळ्याला फरक क्वचितच दिसतो. पुढे फोटोशॉपमध्ये बारीक काम करायचं असेल तर १६ बिट टिफ. पण २४ मेगापिक्सेलचं असं एक टिफ दाबून न बसवता ठेवलं तर १४४ एमबीचं होतं. पीएनजी लोगोला आणि स्क्रीनशॉटला शोभतं, कॅमेऱ्याच्या फोटोला त्याने आकार वाढण्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. लॅबवाल्याने ३०० डीपीआय मागितलं तर घाबरू नका. ती फक्त फाइलवरची नोंद असते. ६,००० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयने २० इंच छापला जातो, नोंद ७२ ची असली तरी पिक्सेल तेवढेच. रंगांसाठी मात्र एसआरजीबी निवडा. ॲडोबी आरजीबी या जास्त रुंद रंगमर्यादेत केलेलं जेपीजी त्यातली रंगनोंद हरवली की मरगळलेलं दिसतं, आणि ही नोंद हरवणारी साधनं बरीच आहेत.

मूळ रॉ फाइल ठेवून द्या. छायाचित्र स्पर्धांमध्ये निवड झाल्यावर खातरजमेसाठी मूळ फाइल मागतात, वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या मोठ्या स्पर्धेतही मागतात. ती पुसून बसलेल्यांसाठी मग जेपीजीची रॉ करून देतो म्हणणाऱ्या साइट आहेतच. त्या जेपीजीला डीएनजीचं वेष्टन गुंडाळून देतात. आत तेच २५६ पायऱ्यांचं चित्र, पांढऱ्या पाठींचे फ्लेमिंगो आणि चुण्या हरवलेला फेटा, आणि परीक्षकाला ते फाइल उघडताच कळतं.